वेटिंगच्या पुढचा फॉर

माझ्या सासऱ्यांची उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. इंग्रजी पुस्तकं, कंपन्यांचे अहवाल, औषधांच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद, जे काही छापायला येईल ते आधी त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. मग ते निवृत्त झाले आणि लाल पेन घेऊन घरी आले. तिथून आमच्या घराच्या शांततेला ग्रहण लागलं.

साबणाच्या वेष्टनावरची चूक ते आंघोळीला जाण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवायचे. विजेच्या बिलात स्वल्पविराम घालायचे. एकदा तर शेजाऱ्यांच्या दारातलं 'वेलकम' लिहिलेलं पायपुसणं उचलून घरी आणलं, कारण त्यात एक एल जास्त होता. शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून आपणच ते गुपचूप बदलून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई चोराच्या पावलांनी जाऊन ते परत ठेवून आल्या आणि तडक माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"हे बघ, एक तर यांना तुमच्या बेकरीत घेऊन जा, नाहीतर मी माहेरी जाते. आणि या वयात माहेर कुठे शिल्लक आहे, तेही आधी शोधावं लागेल."

बेकरी आमची, म्हणजे माझी आणि माझ्या नवऱ्याची. तो भट्टी सांभाळतो, मी केक सजवते आणि त्यावरची अक्षरं काढते. बटर पेपरचा कोन करायचा, त्यात वितळवलेलं चॉकलेट भरायचं, टोक कापायचं आणि श्वास रोखून लिहायचं. माझं अक्षर चांगलं आहे, हे मीच काय, सगळं गाव सांगेल. स्पेलिंगचा मात्र भरवसा नाही. त्याच आठवड्यात एका मुलीच्या निकालाच्या केकवर 'काँग्रॅच्युलेशन' लिहिताना मी शेवटचा एस खाल्ला होता आणि तिची आई तो केक सगळ्या गिऱ्हाइकांसमोर परत घेऊन आली होती. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं मला काही वावगं वाटलं नाही.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला लाल पेन लावून दुकानात आले. मी त्यांना थंड कपाटाशेजारी उंच स्टूल दिलं. ऑर्डरच्या चिठ्ठ्या एका खिळ्याला टोचलेल्या असतात, त्या तपासायचं काम त्यांच्याकडे. नवरा मला आत म्हणाला, "बघ हं, सुंठीवाचून खोकला जाईल असं वाटतंय तुला, पण गिऱ्हाइकं नको जायला."

पहिल्याच दिवशी एक तरुण आला. मित्राचा वाढदिवस विसरला होता, म्हणून केकवर 'हॅपी बिलेटेड बर्थडे' लिहायचं होतं. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा वर केला.

"उशीर कुणाला झाला?"

"मला," तो ओशाळून म्हणाला.

"वाढदिवस तर वेळेवर आला होता ना? मग त्याला कशाला उशिराचा म्हणता? उशीर तुमच्या शुभेच्छांना झालाय. बिलेटेड आधी घ्या. बिलेटेड हॅपी बर्थडे."

मी आत जीभ चावली. पण तो तरुण खदाखदा हसला. म्हणाला, "काका, पटलं. माझी चूक माझ्याच पदरात टाका." आणि दोन दिवसांनी तो परत आला तो केकसाठी नाही, तर साहेबाला पाठवायच्या मेलमध्ये 'प्रिन्सिपल'चं कुठलं स्पेलिंग घालायचं ते विचारायला. जाताना खारी बिस्किटं घेऊन गेला.

असं एकाचे दोन, दोनाचे चार झाले. शाळेतून सुटलेली मुलं, बँकेतल्या बाई, समोरचा औषधवाला, सगळे बाबांना 'प्रूफकाका' म्हणू लागले. पावाची लादी बांधून होईपर्यंत एक शंका विचारायची, असा रिवाजच पडला. 'फर्स्ट इयर ॲनिव्हर्सरी' का नको? कारण ॲनिव्हर्सरीच्या पोटातच वर्ष आहे, दुसरं कशाला? 'मेनी हॅपी रिटर्न्स'मध्ये परत काय येतं? बँकेतल्या बाईंना वाटत होतं की भेटवस्तूंची परतफेड. बाबा म्हणाले, "नाही हो, हा दिवस. हा दिवस तुमच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येवो." त्या म्हणाल्या, "अगबाई, इतकी वर्षं मी बोलतेय आणि इतकं चांगलं बोलतेय हे मलाच माहीत नव्हतं!"

माझ्या नवऱ्याचीही एक जुनी शंका होती. एक दिवस भट्टी निवत असताना तो पीठ झटकत बाहेर आला.

"बाबा, ती केकची म्हण मला कधी कळलीच नाही. केक हॅव करायचा आणि ईटही करायचा, हे दोन्ही एकदम जमत नाही म्हणतात. अहो, माणूस केक घेतो कशाला? बघायला? लोक घेऊन खात नसते, तर आपण दुकान कशाला काढलं असतं?"

"तिथे हॅव म्हणजे घेणं नव्हे रे. जवळ असणं, शिल्लक असणं. खाल्लास तर उरला नाही, उरवलास तर खाल्ला नाहीस. जुन्या काळी ती उलटी म्हणायचे. आधी खाणं, मग राखणं. तेव्हा कुणाचा गोंधळ होत नसे. पुढे शब्दांनी जागा बदलल्या आणि तुझी पंचाईत झाली."

"म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक!"

"जुळाऱ्यावर घालू नकोस. लोकांच्या जिभेचं काम आहे ते."

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकांना जड जायची. 'पीस ऑफ केक' म्हणजे सोपं काम, हे कुठून आलं, असं कुणी विचारलं की बाबा सरळ सांगायचे, "नक्की माहीत नाही. दोन-तीन गोष्टी सांगतात, पण पुरावा कुणाकडे नाही." लोकांचे चेहरे उतरायचे. एकदा नवऱ्याने एका मुलीला परस्पर एक राजा, एक आचारी आणि एक पैज अशी झकास गोष्ट रचून सांगितली. ती खूश होऊन गेली. बाबा तिच्या मागे रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत धावले आणि ती गोष्ट परत घेऊन आले. धापा टाकत नवऱ्याला म्हणाले, "शिळा पाव ताजा म्हणून विकशील का? मग?" तेव्हापासून नवरा गप्प. पण दुकान कसं भरलेलं असायचं! सासूबाई दुपारी निवांत झोपू लागल्या. बाबांचा चेहरा पुन्हा छापखान्यात जायचा तेव्हासारखा दिसू लागला.

आणि मग वायरमनकाकांचा केक आला.

वायरमनकाका आमचे जुने गिऱ्हाईक. तरुणपणी जहाजावर विजेची कामं करायचे, वर्षातले आठ-आठ महिने समुद्रावर. आता गावात घरोघरी पंखे आणि दिवे दुरुस्त करतात. आमच्या भट्टीची वायर जळाली तेव्हा रविवार असून धावून आले होते. त्यांच्या पत्नी गेले काही महिने दूरच्या गावी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि काका रोज संध्याकाळी एकच पाव नेत होते, ते पाहून मलाच कसंतरी व्हायचं. त्या दिवशी मात्र ते दाढी करून आले होते.

"उद्या दुपारच्या गाडीने येतेय," त्यांनी मला सांगितलं. "चॉकलेटचा कर. आणि वर एवढंच लिही." त्यांनी स्वतःच चिठ्ठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'आय ॲम वेटिंग यू'. मी ती न वाचताच खिळ्याला टोचली. बाबा तेव्हा चहाला गेले होते.

संध्याकाळी बाबांनी चिठ्ठ्या तपासल्या. वेटिंग आणि यूच्या मध्ये खाली हंसपदाची खूण केली, म्हणजे इथे काहीतरी राहिलंय याची ती टोपीसारखी खूण, आणि वर लाल अक्षरांत 'फॉर' लिहिलं. सकाळी मी ते जसंच्या तसं केकवर उतरवलं. गुळगुळीत काळ्या चॉकलेटवर पांढरी अक्षरं. फार देखणं झालं होतं, माझंच मला कौतुक वाटलं.

काका दुपारी आले. मी खोक्याचं झाकण उघडून दाखवलं. ते वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हा फॉर कुठून आला?"

"मी घातला," बाबा उत्साहाने स्टुलावरून उतरले. "अहो, राहून गेला होता. वेट म्हटलं की वाट बघायला माणूस लागतो आणि त्या माणसाच्या आधी फॉर लागतो. नाहीतर वाक्य लंगडतं."

"लंगडतंच ते," काका म्हणाले. "पहिल्यापासून."

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. बाबा थांबले.

"आमचं लग्न झालं आणि मी महिन्याभरात जहाजावर गेलो," काका सांगू लागले. "घरी फोन नव्हता. वाण्याच्या दुकानात होता. मी बंदराला लागलो की तिथे फोन करायचो आणि वाणी पोराला पाठवून हिला बोलवायचा. ही यायची, पण बोलणार काय? मागे दहा माणसं उभी. कुणी तेल घेतंय, कुणी डाळ, आणि सगळ्यांचे कान हिच्याकडे. सासू-सासऱ्यांपर्यंत शब्दन् शब्द जायचा. मग हिने युक्ती काढली. कुणाला तरी विचारून एक इंग्रजी वाक्य पाठ केलं. बाकी सगळं बोलायची, पाऊस कसा, गाईचं कसं, आणि शेवटी पटकन म्हणायची, आय ॲम वेटिंग यू. दुकानात कुणाला कळायचं नाही. मला कळायचं. त्यानंतर मी चार महिने काढू शकायचो."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. नवरा भट्टीच्या दारात पाव काढायचं फावडं हातात धरून उभा राहिला होता.

बाबांनी घसा साफ केला. "एक सुचवू? वेटिंगच्या आधी नुसता एक ए लावला तर अवेटिंग होतं. अवेटला फॉर लागत नाही. फॉर काढून टाकू. तुमचंही राहील आणि व्याकरणाचंही."

काकांनी मान हलवली. "तुम्ही चांगल्या मनाने सांगताय. पण मग ते शब्दकोशाचं झालं. तिचं नाही राहिलं."

मी बाबांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना चुकीच्या बाजूला उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तिथे कसं उभं राहायचं तेच माहीत नव्हतं. हात मागे बांधले, पुढे घेतले, पुन्हा मागे बांधले.

"गाडी कधी येते?" मी विचारलं.

"तासाभरात."

"मग बसा. होईल." मी केक थंड कपाटात सरकवला. अक्षरं गारठून कडक झाली की सुरीच्या टोकाने उचलली जातात, खालचं चॉकलेट बिघडत नाही. पण त्याला हात स्थिर लागतो आणि खालची फिरती चकती कुणीतरी घट्ट धरावी लागते. नवरा पुढे येत होता, तेवढ्यात बाबांनी बाह्या वर केल्या. "मी धरतो."

एफ निघाला. ओ निघाला. आर तुटला, पण तुकड्यातुकड्यांनी निघाला. मध्ये भलीमोठी मोकळी जागा दिसू लागली, पडलेल्या दातासारखी.

"आता?" काका म्हणाले.

बाबा चकतीवरून नजर न काढता म्हणाले, "यू पण काढ. आणि तो मोठा लिही. ओळ भरेल."

मी यू काढला आणि मोकळी झालेली सगळी जागा व्यापेल असा नवा, गोलसर, ऐसपैस यू लिहिला. सगळ्या ओळीत तोच आधी डोळ्यांत भरत होता. काकांनी डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं.

"हे तर आधीपेक्षा बेस झालं," ते म्हणाले. "तीच मोठी दिसली पाहिजे."

"मला माफ करा," बाबा म्हणाले. "विचारायला हवं होतं."

"अहो, बायकोच्या केकवर चूक शोधायला माणूस ठेवलाय, तर तो शोधणारच!" काका हसले आणि खोकं छातीशी धरून स्टेशनकडे निघाले, अंडी घेऊन चालावं तसे.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात आले नाहीत. गिऱ्हाइकं विचारायची, प्रूफकाका कुठे? मी सांगायची, बरं नाही. रात्री घरी गेले तर पलंगभर शब्दकोश पसरलेले. सासूबाई दारात हाताची घडी घालून उभ्या.

"सकाळपासून हेच चाललंय. जेवायला उठले नाहीत. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणतात, वाट. आता यांची वाट मी कुठून शोधून देऊ?"

मी आत गेले. बाबांनी बोट एका ओळीवर ठेवलं होतं. त्यांचे डोळे चमकत होते.

"हे बघ. काही शतकांपूर्वी वेटला फॉर लागलाच पाहिजे असं नव्हतं. नुसतं वेट यू म्हणायचे लोक. नावाजलेले लेखकसुद्धा लिहायचे. पुढे ते मागे पडलं. आजही 'वेट युअर टर्न' म्हणतो की नाही आपण? आपल्या पाळीची वाट बघ. तिथे कुठे आहे फॉर?"

"म्हणजे काकूंचं बरोबर होतं?"

बाबांनी शब्दकोश मिटला. मग म्हणाले, "आज नाही, पण कधीकाळी होतं. हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण तसं नसतं सापडलं, तरी मी त्याला हात लावायला नको होता गं. छापखान्यात लेखक समोर नसायचा. इथे समोर उभा असतो. विचारलं तर सांगतो."

मग ते जेवायला उठले आणि सासूबाईंनी आमटी तिसऱ्यांदा गरम केली.

तिसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे स्टुलावर होते. बदल इतकाच, की चिठ्ठीत काही खटकलं की आता ते पेन खिशातच ठेवून आधी विचारायचे, "हे असंच हवंय का?" बहुतेक वेळा लोक दचकून 'नको, नको' म्हणायचे. एक आजोबा मात्र ठासून म्हणाले की त्यांच्या नातवाचं नाव तीन ई घालूनच लिहितात, आणि बाबांनी निमूटपणे तिन्ही ई जाऊ दिले. त्या दिवशी मला सासऱ्यांचा खरा अभिमान वाटला.

रविवारी सकाळी दुकानात एक ठेंगण्या, हसऱ्या बाई आल्या. मागे वायरमनकाका, हातात दोन पिशव्या.

"फॉरवाले कोण ते?" बाईंनी विचारलं.

बाबा स्टुलावरून उठले. "मीच. वहिनी, मी तुमची..."

"अहो, बसा बसा! मी भांडायला नाही आले. केक फार छान होता. यांनी एकट्यांनी अर्धा खाल्ला आणि साखरेची गोळी घेतली नाही, ते सोडा." त्यांनी काकांकडे एक तिरपा कटाक्ष टाकला.

बाबांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, जुने लेखक, वेट युअर टर्न, सगळं. "तेव्हा तुमचं वाक्य चूक नव्हतं, वहिनी. नुसतं जुनं होतं."

काकू काउंटरवर कोपर टेकून पुढे झुकल्या. काका खारीच्या बरण्या बघत पलीकडे गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि आवाज लहान केला.

"भाऊजी, फॉर लागतो हे माझ्या लेकीने ती शाळेत असतानाच सांगितलं होतं मला. दोनदा बरोबर म्हणूनही पाहिलं. पण फोनवर हे गप्पच झाले. म्हणाले, आज दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटतंय. मग म्हटलं, राहू दे. एका शब्दासाठी कशाला नवरा हातचा घालवायचा?"

बाबा इतके हसले की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. काका तिकडून विचारू लागले, काय झालं, काय झालं, आणि काकू म्हणाल्या, "काही नाही, इंग्रजीचं चाललंय, तुम्हाला कळायचं नाही."

मग त्या जरा गंभीर झाल्या. "आता आलेच आहे तर एक विचारते. लेकीने निघताना मला स्टेशनवर म्हटलं, आय मिस यू, आई. आणि माझी गाडीही मिसच होत होती. मला गाडीत बसल्यावर सारखं वाटत होतं, गाडी चुकणं आणि आईची आठवण येणं, या दोन्हीला एकच शब्द कसा? की ते वेगळे शब्द आहेत?"

बाबांनी स्टूल पुढे ओढलं. पेन काढलं नाही, नुसते दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"एकच शब्द आहे, वहिनी. आणि याचा पुरावा आहे, बरं का! मुळात मिस म्हणजे नेम चुकणं. दगड मारला, आंबा पडला नाही. मग काहीही हातून निसटणं, गाडी, संधी. मग हात पुढे केला आणि तिथे जे असायला हवं ते नाही, हे लक्षात येणं. आणि मग ते नसणं मनाला लागणं. पायरी पायरीने आलाय तो."

"हात पुढे केला आणि तिथे नाही," काकू म्हणाल्या. "हो, तसंच होतं. सकाळी चहा करताना होतं तसं."

त्यांच्या मागे बँकेतल्या बाई आणि शाळेचं एक पोरगं पावासाठी उभी होती, पण कुणाला घाई दिसत नव्हती. आतून नवऱ्याने हाक मारली, दुसरा घाणा तयार आहे. मी जाडे हातमोजे चढवले आणि भट्टीकडे गेले. बाहेर पोरगं विचारत होतं, "प्रूफकाका, मग मिस म्हणजे टीचर, तो कुठला मिस?" आणि बाबा म्हणत होते, "तो निराळा. तो सांगतो, पण आधी पुढच्या बाईंचा पाव बांधू दे."